आधी लाईट गेली की आधी टेंपो धडकला? मंगळवार पेठेतलं एक प्रकरण

आधी लाईट गेली की आधी टेंपो धडकला, एवढाच प्रश्न होता. नवरात्रातली पाचवी माळ, रात्री सव्वाआठचा सुमार, परतीच्या पावसाची भुरभुर आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली एक गल्ली, जिच्यात टेंपो शिरला की मोटरसायकलवाल्याला कुणाच्या तरी पायरीला चिकटून उभं राहावं लागतं. मांडवाचं सामान उतरवून टेंपो रिव्हर्समध्ये बाहेर निघाला होता. त्याचा फाळका कोपऱ्यावरच्या लोखंडी खांबाला लागला. त्याच खांबावरून मंडळाच्या लायटिंगची तात्पुरती केबल पुढे मांडवापर्यंत ओढलेली होती. मांडव अंधारात गेला, लायटिंगचे तीन कंट्रोलर जळाले आणि लायटिंगवाल्याने अठरा हजारांचा आकडा सांगितला.

टेंपोवालं पोरगं हटून बसलं. "आदी लाईट गेली सर. डोळ्यासमोर अंधार झाला, म्हणून फाळका लागला. माझा काय दोष त्यात?" मंडळाचं म्हणणं बरोबर उलटं होतं: फाळका लागला, खांब हलला, केबल तुटली, म्हणून लाईट गेली. म्हणजे क्रम कोणता हे ठरलं की अठरा हजार कुणाचे हेही ठरल्यात जमा होतं.

पुरावा नव्हता असं नाही. पुरावा दोन्हीकडे होता, आणि घोळ तिथेच होता. कोपऱ्यावर दूध डेअरी आहे. तिच्या कॅमेऱ्यात खांब आणि टेंपोचा फाळका अगदी स्वच्छ दिसतो. पण डेअरीला इन्व्हर्टर असल्यामुळे तिची ट्यूब गेलीच नाही, आणि मांडव त्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, साधारण १४० मीटरवर, सराफांचं दुकान. त्यांच्या कॅमेऱ्यात मांडवाची रोषणाई विझताना दिसते, खांब मात्र दिसत नाही. डेअरीच्या रेकॉर्डिंगवर धडकेची वेळ ८:१४:३७. सराफांच्या रेकॉर्डिंगवर लाईट जाण्याची वेळ ८:१४:०९. म्हणजे लाईट धडकेच्या आधी तब्बल २८ सेकंद गेलेली. टेंपोवाल्याचा चेहरा खुलला.

मंडळाच्या अध्यक्षांनी मला बोलावणं धाडलं. मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे, तेवढ्या भांडवलावर. "सर, तुमी फिजिक्सचं. जरा बघा की." माझ्याबरोबर माझा भाचा होता, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. टेंपोवाल्याचा शाळेतला दोस्तही तोच. दोन्ही स्क्रीनवरच्या वेळा बघून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, यात भांडायचं काय? आइन्स्टाइननं सांगितलंयच. कोण आधी, कोण नंतर हे बघणाऱ्यावर असतं. डेअरीपुरतं डेअरीचं खरं, सराफांपुरतं सराफांचं. एकच खरं असं काही नसतंय."

त्याच्या या बोलण्यावर मंडळातली दोन पोरं हसली, पण दोघं गंभीरपणे माना डोलवायला लागली. हा सगळा उद्योग लिहून काढण्याचं कारण त्या डोलणाऱ्या माना. टेंपोचं भांडण चार दिवसांत मिटलं. भाच्याचं वाक्य मिटायला दिवाळी उजाडली, आणि त्यातलं एक टोक अजून लोंबतं आहे.

दोन घड्याळं आणि एक वीज

आधी साधी गोष्ट. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, एक क्वार्ट्झचं घड्याळ असतं, स्वस्तातलं. इंटरनेटला जोडून वेळ आपोआप लावायची सोय असते, पण बसवणारा पोरगा पहिल्या दिवशी हाताने वेळ टाकतो आणि पुन्हा कुणी त्याकडे बघत नाही. असं घड्याळ दिवसाला एखाद-दुसरा सेकंद सहज सरकतं. महिनाभरात अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तर त्यात नवल काहीच नाही. पेठेत कुठल्याही चार दुकानांचे डीव्हीआर बघा, चार वेळा दिसतील.

तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेली एखादी एकच घटना सापडते का, ते बघायचं होतं. ढोल नको, फटाका नको, कारण आवाजाला १४० मीटर जायला जवळजवळ ०.४ सेकंद लागतात. प्रकाशाचं काहीतरी हवं होतं. ते पावसाने दिलं. डेअरीच्या रेकॉर्डिंगवर ८:१३:५२ ला सगळा ओला रस्ता एकदम पांढरा झाला, क्षणभर विझला आणि पुन्हा उजळला. वीज. सराफांच्या रेकॉर्डिंगवर तोच दोनदा लुकलुकणारा उजेड ८:१३:२२ ला सापडला. मग दुसरी वीज शोधली, कारण दोन घड्याळांतला फरक कायम आहे की मधल्या मधे बदलतोय हेही बघायला हवं. दुसरी डेअरीकडे ८:१५:२०, सराफांकडे ८:१४:५०. दोन्हीकडे दोन विजांमधलं अंतर ८८ सेकंद. म्हणजे घड्याळं सारख्याच चालीने चालत होती, फक्त सराफांचं डेअरीच्या ३० सेकंद मागे होतं.

आता वजाबाकी. पहिल्या विजेनंतर ४५ सेकंदांनी टेंपो धडकला. पहिल्या विजेनंतर ४७ सेकंदांनी लाईट गेली. धडक आधी, अंधार दोन सेकंदांनंतर.

टेंपोवाला गप्प झाला. भाचा झाला नाही. "पण मामा, तुम्ही वीज धरून जुळवलंत. दुसऱ्या कुणी दुसरं काही धरलं असतं तर?"

प्रश्न वाईट नव्हता. १९०५ च्या निबंधात आइन्स्टाइन यांनी नेमका इथेच हात घातला होता. दूरदूरची घड्याळं "एकाच वेळी" तोच आकडा दाखवताहेत, या म्हणण्याचा अर्थ काय? त्यांनी सांगितलं की अर्थ आपण ठरवायचा: प्रकाशाचा संकेत पाठवा, परतताना घ्या, एकूण वेळेचा अर्धा धरा, आणि त्याप्रमाणे घड्याळं लावा. आपण विजेच्या उजेडाने केलं ते त्याचंच गावठी रूप. वेळेत ठरावाचा भाग किती असतो हे कोल्हापूरकरांना तसंही ठाऊक असायला हवं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, कोल्हापूर ७४.२ अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्या सूर्याचे बारा व्हायला सरासरी ३३ मिनिटं अवकाश असतो. त्यावरून पेठेत कधी मारामारी झाल्याचं ऐकिवात नाही. आकडा कोणता लावायचा हा ठरावाचा भाग. पण धडक झाली, हा ठरावाचा भाग नव्हे.

"दोघांचं खरं" याची परीक्षा

सापेक्षता सिद्धांत म्हणतो की दूर अंतरावरच्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे काही वेळा निरीक्षकाच्या वेगावर अवलंबून असतं. "काही वेळा" हे दोन शब्द लोक गिळून टाकतात. कोणत्या वेळा? दोन घटनांमधला वेळ इतका कमी असेल की तेवढ्यात प्रकाशसुद्धा एका घटनेपासून दुसरीपर्यंत पोचू शकणार नाही, तेव्हाच. प्रकाश पोचू शकत असेल तर क्रम पक्का. कुणीही, कितीही वेगाने जाणारा असो, त्याला तोच क्रम मिळणार.

आता आपली गल्ली घ्या. १४० मीटर जायला प्रकाशाला ०.४७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या निम्म्याहून कमी. धडक आणि अंधार यांत याहून कमी अंतर असतं, तरच भाच्याचं म्हणणं उभं राहू शकलं असतं. इथे अंतर दोन सेकंद, म्हणजे त्या मर्यादेच्या सुमारे ४३ लाख पट.

हे मला स्वतःला गणित करताना लख्ख दिसलं आणि गंमत वाटली: डेअरीचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो. एका फ्रेमचा वेळ ०.०४ सेकंद. तेवढ्यात प्रकाश १२,००० किलोमीटर जातो, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या व्यासाइतका. याचा अर्थ असा, की एका गल्लीत, एका शहरात, दोन साध्या कॅमेऱ्यांनी ज्या दोन घटनांचा क्रम एका फ्रेमच्या फरकाने का होईना पकडला, तो क्रम अख्ख्या विश्वातल्या प्रत्येक निरीक्षकासाठी तोच आहे. याची हमी कोण देतं? सापेक्षता सिद्धांतच. भाचा ज्याला साक्षीदार म्हणून घेऊन आला, तो फिर्यादीच्या बाजूने बोलायला लागला.

मग खरोखरचा वेगवान निरीक्षक आणून बघू. प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने कोल्हापूरच्या वरून कुणी गेला, तर त्याच्या मोजणीत धडक आणि अंधार यांच्यात २ नव्हे, ३.३३ सेकंद जातील. आणि अंतर? त्याच्या दृष्टीने तो स्वतः स्थिर, मंगळवार पेठच मागे पळते आहे. त्यामुळे धडकेची जागा आणि अंधाराची जागा यांच्यात २.६७ प्रकाशसेकंद, म्हणजे आठ लाख किलोमीटर पडलेले. मीटर वेगळे, सेकंद वेगळे. पण त्याने त्याच्या वेळेचा वर्ग घेऊन त्यातून त्याच्या अंतराचा वर्ग वजा केला, ११.११ उणे ७.११, तर उरतात ४. आपणही करू: दोनाचा वर्ग ४, आणि १४० मीटर या हिशेबात इतके क्षुल्लक की वजा करून काही हलत नाही. त्याचेही ४, आपलेही ४. १९०८ साली कलोनच्या व्याख्यानात गणितज्ञ हेर्मान मिंकोव्स्की यांनी अवकाश आणि काळ एकत्र गुंफून मांडले ते याच जोरावर. वेगळा अवकाश आणि वेगळा काळ ही ज्याची त्याची मापं. दोन्ही मिळून जे उरतं ते सगळ्यांचं सामाईक. फेलिक्स क्लाइन या गणितज्ञांनी तर या सिद्धांताला "न बदलणाऱ्या राशींचा सिद्धांत" अशा अर्थाचं नाव अधिक शोभेल असं सुचवलं होतं. ते रूढ झालं असतं तर आपल्याकडच्या निम्म्या व्याख्यानांचे विषय बुडाले असते.

खरं नुकसान "सापेक्ष" या शब्दाने केलं आहे असं माझं मत. मराठीत सापेक्ष म्हटलं की "ज्याची त्याची दृष्टी" असं कानाला ऐकू येतं. "निरीक्षक" म्हटलं की डोळे, मन आणि मत असलेला माणूस उभा राहतो. पदार्थविज्ञानात निरीक्षक म्हणजे मोजपट्ट्या आणि जुळवलेली घड्याळं. त्याला मत नसतं. डीव्हीआरला कुठं मत असतं?

भाच्याने इथे एक चांगला आडवा प्रश्न घातला. घड्याळं खरोखर वेगवेगळी चालतात हे तर प्रयोगाने सिद्ध आहे ना? आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग या दोन शास्त्रज्ञांनी सीझियमची अणुघड्याळं प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली. पूर्वेच्या दिशेने फिरलेली घड्याळं घरच्या घड्याळाच्या तुलनेत सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेच्या दिशेने फिरलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. वेग आणि गुरुत्वाकर्षण, दोन्हींचा हिशेब लावला तर सिद्धांताचा आकडा मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत जुळतो. पण शेवटी काय केलं त्यांनी? घड्याळं शेजारी शेजारी ठेवली आणि आकडे वाचले. पूर्वेच्या घड्याळाबरोबर बसून आलेला माणूस असो की घरी राहिलेला, ५९ चा आकडा दोघांनी एकच वाचला. घड्याळांत फरक पडला. किती पडला यात दुमत नव्हतं.

म्युऑनचं उदाहरण याहून नेटकं आहे आणि त्यात आपल्याकडचं माणूस आहे. अवकाशातून येणारे किरण वातावरणात १५ किलोमीटरच्या आसपास उंचीवर आदळतात, त्यातून म्युऑन हे कण निर्माण होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर काटतात. तरी ते जमिनीपर्यंत येतात. आत्ता तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा चालला आहे. आपण म्हणतो त्यांचं घड्याळ सावकाश चाललं. म्युऑनच्या बाजूने हिशेब केला तर त्याचं घड्याळ व्यवस्थित आहे, वातावरणच आखडून काही शे मीटरचं झालं आहे. दोन कहाण्या, एकमेकींशी न पटणाऱ्या. पण काउंटरची टकटक दोन्ही कहाण्यांत तितकीच. असे कण वेगात असताना जास्त काळ टिकलेले दिसतील आणि त्यावरून काळाचं प्रसरण तपासता येईल, हे होमी भाभा यांनी १९३८ सालीच लिहिलं होतं.

योगायोग बघा, त्याच १९३८ साली जयंत नारळीकरांचा जन्म झाला तो कोल्हापुरात. आणि त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर, जे पुढे बनारसला सापेक्षतेवरच काम करत राहिले, तेही १९०८ साली इथेच जन्मले. मिंकोव्स्कींच्या व्याख्यानाचं साल. याचा प्रकरणाशी संबंध नाही, पण या गावात बसून "आइन्स्टाइननं सांगितलंय, कुणाचंच खरं नसतंय" असं ऐकायला लागलं की आठवण होते.

दाजींचं ड्रॉइंग

मी फळ्याशिवाय समजावू लागलो की भाच्याचं लक्ष उडतं. त्याला पटलं ते माझ्यामुळे नव्हे. माझे दाजी, म्हणजे त्याचे वडील, उद्यमनगरात पॅटर्नमेकर आहेत. फाउंड्रीत कास्टिंग ओतण्याआधी लाकडाचा नमुना लागतो, तो ते बनवतात. एका रविवारी त्यांच्या टेबलावर एका पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग पसरलेलं होतं: प्लॅन, एलिव्हेशन, साइड व्ह्यू, म्हणजे एकच वस्तू वरून, समोरून आणि बाजूने. भाचा नेहमीप्रमाणे सुरू झाला, ज्याची त्याची चौकट वगैरे. दाजींनी पेन्सिल एका गोलावर टेकवली.

"हे भोक हितं गोल दिसतंय. हितं," पेन्सिल दुसऱ्या व्ह्यूवर सरकली, "दोन तुटक रेघा. आन् हितं निस्ती एक मध्यरेघ. म्हणून काय मी तीन कास्टिंगं ओतू?"

"पप्पा, पण खरं कुठलं मग? गोल की रेघा?"

"खरं ते तिकडं पडलंय," दाजी म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या रेतीने माखलेल्या बॉडीकडे बोट केलं. "ड्रॉइंगचा एक व्ह्यू चुकला तर दुसऱ्याशी जुळत न्हाई. लगेच कळतंय."

ते शेवटचं वाक्य मी तेव्हापासून धरून ठेवलं आहे. वेगवेगळ्या बाजूंनी दिसणाऱ्या आकृत्या मनमानी असत्या, तर एका आकृतीवरून दुसरी काढता आली नसती. पॅटर्नमेकर दोन व्ह्यूंवरून तिसरा काढतो. तसंच माझे सेकंद आणि मीटर दिले, वेग दिला, की वेगवान निरीक्षकाचे सेकंद आणि मीटर कागदावर निघतात. लॉरेंट्झ यांची सूत्रं हेच काम करतात. त्याला विचारायलाही लागत नाही. जे फक्त ज्याचं त्याचं असतं, ते असं एकमेकांत बदलून मिळत नाही. माझ्या जिभेला तांबडा रस्सा कसा लागतो हे कुठल्याही सूत्राने तुमच्या जिभेत उतरवता येणार नाही.

उपमेला एक मर्यादा आहे आणि ती लपवून चालणार नाही. कास्टिंग हातात घेता येतं. अवकाशकालाची "बॉडी" कुणाच्याच हातात येत नाही. आपल्या सगळ्यांकडे व्ह्यूच आहेत. ती बॉडी खरोखर आहे, की सगळे व्ह्यू जुळतात एवढंच आहे, यावर तत्त्वज्ञ अजून भांडतात. मला विचाराल तर, इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले व्ह्यू इतक्या अंकांपर्यंत जुळत असतील, तर बॉडी आहे असं धरून चालणं मला कमी धाडसाचं वाटतं.

रंकाळ्यावरचं "आत्ता"

दिवाळीच्या आठवड्यात भाचा तयारी करून आला. रंकाळ्यावर आम्ही संध्याकाळी चालत होतो. समोरून येणाऱ्या एका माणसाकडे बोट करून म्हणाला, "मामा, हा माणूस आणि तुम्ही, दोघांचं 'आत्ता' एकच का?"

त्याचा मुद्दा असा. चालण्याच्या वेगानेही "आत्ता" तिरकं होतं, फक्त फारच थोडं. पेठेच्या १४० मीटरवर त्याचा फरक मोजण्यात अर्थ नाही. पण अंतर वाढेल तसा तो वाढतो. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. ताशी पाच किलोमीटरने मी तिच्या दिशेने चालत असेन आणि समोरचा माणूस तेवढ्याच वेगाने उलटा, तर आम्ही एकमेकांना ओलांडतो त्या क्षणी देवयानीत "आत्ता" काय चाललं आहे याबद्दलचे आमचे हिशेब साडेआठ दिवसांनी वेगळे पडतात. माझ्या "आत्ता"त तिथे एखादा तारा फुटून गेलेला असेल. त्याच्या "आत्ता"त अजून फुटायचा असेल. मग तो फुटणं ठरलेलं आहे की नाही?

तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९६७ मध्ये अशाच वाटेने जाऊन निष्कर्ष काढला की भविष्यातल्या घटनाही आत्ताच्या इतक्याच खऱ्या आहेत. त्यांच्या आदल्या वर्षी रीटडाइक यांनीही जवळपास तेच मांडलं होतं. भाच्याने मात्र त्यातून उलटा निष्कर्ष काढला: म्हणजे सगळ्यांचं मिळून एक जग नाहीच.

इथे मी त्याला अर्धं देऊन टाकलं, कारण ते त्याचंच होतं. विश्वभर पसरलेला एकच "आत्ता" सापेक्षतेने खरोखर काढून घेतला आहे, आणि ही छोटी गोष्ट नव्हे. ६ एप्रिल १९२२ ला पॅरिसमध्ये तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ आणि आइन्स्टाइन समोरासमोर आले तेव्हा भांडणाच्या मुळाशी हेच होतं. सगळ्यांना मिळून एकच वाहणारा काळ आहे ही कल्पना बेर्गसाँना सोडवत नव्हती. आपल्यालाही सोडवत नाही. "या क्षणी सगळीकडे" असं म्हटलं की आपल्याला वाटतं आपण जगाबद्दल काही बोललो.

उरलेलं अर्धं मी दिलं नाही. तत्त्वज्ञ हॉवर्ड स्टाइन यांनी १९६८ मध्ये पटनम यांना जे उत्तर दिलं ते मला पटतं. माझ्या भाषेत सांगायचं तर: देवयानीतलं "आत्ता" हे मला मिळालेलं काही नाही, मी कागदावर आखलेली रेघ आहे. तिथून मला काही कळायचं तर प्रकाश यायला हवा, आणि आज दिसणारा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. त्या उजेडाबद्दल रंकाळ्यावरच्या त्या माणसाचं आणि माझं काही भांडण नाही. आम्ही एकमेकांना ओलांडतो त्या क्षणी दोघांपर्यंत पोचलेल्या घटना अगदी त्याच. वाद आहे तो ज्या घटनांचा आमच्यावर अजून कसलाही परिणाम होऊ शकत नाही आणि ज्यांच्यावर आमचाही होऊ शकत नाही, फक्त त्यांना कोणती तारीख लावायची याचा. ८२.५ अंशांचा ठराव, फक्त फार मोठ्या अंगणात.

"म्हणजे सगळं भागतंय?" भाचा म्हणाला.

नाही, सगळं भागत नाही. कृष्णविवराच्या क्षितिजापलीकडे पडलेल्याला जे घडतं, ते बाहेरच्याला कधीच कळणार नाही. विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावत असल्यामुळे काही दीर्घिकांकडून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही. तिथे घटना घडत असतील, वस्तुनिष्ठपणे घडत असतील, पण त्या "सामाईक" म्हणायच्या कशा? सामाईक म्हणायला दोघांना कधीतरी एका ठिकाणी येऊन आकडे ताडून बघता यायला हवेत, हाफेल-कीटिंगच्या घड्याळांसारखे. इथे ती सोयच नाही. लोंबणारं टोक म्हटलं ते हे. भाच्याने ते पकडलं आणि सोडलेलं नाही. मीही त्याच्यापाशी काही शहाणपण मिरवलं नाही.

अठरा हजार

प्रकरणाचा निकाल सांगायचा राहिला. धडक आधी आणि अंधार नंतर, हे ठरलं. पण आधी घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं असं नव्हे, ही गोष्ट मंडळाला पटवायला मला टेंपोवाल्याइतकाच आवाज चढवावा लागला. क्रम उलटा निघाला असता तर टेंपोवाला सुटला असता. क्रम सुलटा निघाला एवढ्यावर तो अडकत नाही. सापेक्षता कारणाला फक्त वाव आहे की नाही ते सांगते. कारण होतं की नाही ते वायरमनने शिडी लावून बघावं लागतं.

त्याने बघितलं. केबल खांबाला नुसत्या बांधकामाच्या तारेने आवळलेली होती. धक्क्याने खांब हलला, तारेने केबलचं कव्हर कापलं, न्यूट्रल सुटला, आणि दोन सेकंद ठिणग्या उडून सगळं बसलं. न्यूट्रल गेल्यामुळे व्होल्टेज चढून कंट्रोलर जळाले. म्हणजे कारण टेंपो, आणि कारण तारेने केबल आवळणाराही. अध्यक्षांनी तीन वाटे पाडले: टेंपो, लायटिंगवाला, मंडळ, प्रत्येकी सहा हजार. टेंपोवाल्याला ते दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं.

"पण सर, मला खरंच आदी अंधार दिसला हो," तो जाताना म्हणाला. मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. मागे बघत रिव्हर्स घेताना धक्का बसला, मान वळेपर्यंत दोन सेकंद गेले, आणि आठवणीत दोन्ही उलटसुलट बसले. याला सापेक्षता लागत नाही.

सराफांनी त्या दिवशी आपला डीव्हीआर डेअरीच्या वेळेला लावून घेतला. मी खिशातला मोबाईल काढून दोन्हींशी ताडला. मोबाईलची वेळ अणुघड्याळांना धरून चालते, आणि ज्या जीपीएस उपग्रहांवरून त्याला जागा कळते त्यांची घड्याळं कक्षेत आपल्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ते गणित आधीच धरलेलं असतं. मोबाईलप्रमाणे डेअरीचं घड्याळ ११ सेकंद पुढे होतं आणि सराफांचं जुनं १९ सेकंद मागे. धडक झाली ती ८:१४:२६ ला. अध्यक्षांना सांगितलं, पण मंडळाच्या वहीत ८:१४:३७ लिहून, शिक्का मारून झालं होतं, आणि खाडाखोड नको म्हणाले.